डॉक्टर ‘जातो’ म्हणायचे

मी गेलो होतो तो फक्त एक कोट आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, परशुरामपंतांना असल्या गोष्टींची हौसच फार. मुळीच नाही. उभी हयात बँकेत काढलेला माणूस आहे मी. तो दिवा जरा इकडे ओढा, तुमचा चेहरा दिसू दे. आणि मध्ये बोलू नका.

निवृत्त झाल्यावर आमच्या डोंबिवलीत माणूस एकतर सोसायटीच्या कमिटीत शिरतो, नाहीतर नाटकात. मी नाटकात शिरलो. त्यातही एकपात्री निवडली, कारण तिथं दुसऱ्या कुणाशी भांडावं लागत नाही. विषय सापडला डॉक्टर हरिहर ताम्हनकरांचा. इंग्रजांच्या काळातले ठाण्याचे डॉक्टर. आज त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण माणूस काय होता! कोकणातल्या खेड्यातून मुंबईला जाऊन डॉक्टर झाला आणि चांगली सरकारी नोकरी सोडून नौपाड्यात दवाखाना थाटून बसला. पेशंट घरून रिकामी बाटली घेऊन यायचे. कंपाउंडर तिच्यात लाल औषध भरायचा आणि वर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून द्यायचा. प्लेगात लोक घरं सोडून पळाले तेव्हा डॉक्टर त्याच घरांतून फिरत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की नुसत्या बाटल्या भरून काही होत नाही. गटारं आणि विहिरी सुधारायला हव्यात, आणि त्या काही औषधाने सुधारत नाहीत. म्हणून ते नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. तिथून काँग्रेस, मग तुरुंग, शेवटी मुंबईचं विधिमंडळ. तिथं त्यांनी बायकांसाठी प्रसूतिगृहं काढा म्हणून सरकारला इतकं पिडलं, की समोरच्या बाकावरचे सभासद त्यांना ‘सुईण’ म्हणून चिडवायचे. ते म्हणायचे, मला याहून मोठी पदवी नको. एकपात्रीला आणखी काय हवं असतं?

तर कोट. डॉक्टरांची नातसून मंदाकिनीबाई नौपाड्यात राहतात. ऐंशी कधीच ओलांडलेली, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. खाली दवाखान्याची खोली अजून तशीच आहे. एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला कुरिअरवाला, आणि मध्ये ही खोली. ज्येष्ठ नागरिक तिथं पेपर वाचायला बसतात. आत एक लाकडी पार्टिशन आहे, त्याच्या मागे डॉक्टर पेशंट तपासायचे. बाईंनी कपाटातून काळा अल्पाकाचा कोट काढला, डांबराच्या गोळ्या झटकल्या आणि माझ्या अंगावर धरून पाहिला. जणू माझ्याच मापाने शिवला होता.

“शेवट काय केलाय तुम्ही?” त्यांनी विचारलं.

मी लगेच करून दाखवला. डॉक्टर दारापाशी जातात, वळतात, नमस्कार करतात आणि म्हणतात, “बराय मंडळी... येतो.”

“चूक,” बाई म्हणाल्या. “ते ‘येतो’ म्हणत नसत. ‘जातो’ म्हणत.”

“‘जातो’?”

“लग्नघरातून निघतानासुद्धा. लोकांना अभद्र वाटे. आमच्या आजेसासूबाई कपाळाला हात लावून घेत.”

“पण का?”

“त्याला कारण आहे. पुन्हा केव्हातरी सांगेन. तुम्ही ‘जातो’ म्हणा.”

मी बरं म्हटलं आणि अर्थातच ‘येतो’ तसंच ठेवलं. टाळीचं वाक्य कुठलं, हे नटाला कळतं. पहिल्याच प्रयोगाला मी ‘येतो’ म्हटलं आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “या!” सगळं सभागृह हसलं आणि एका सुरात ओरडलं, “या!” मला ते इतकं आवडलं, की पुढे मी ते ठरवूनच घ्यायला लागलो. कल्याणला प्रयोग झाला, खोपटला एका मंडळात झाला. दर वेळी मी म्हणायचो ‘येतो’, आणि लोक म्हणायचे ‘या’. आपण कुणाला बोलावतोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कल्याणच्या प्रयोगानंतर कोटाचा वास बदलला. डांबराच्या गोळ्यांचा वास जाऊन कार्बोलिकचा यायला लागला. जुन्या इस्पितळांतून यायचा ना, घशात बसणारा, तसा. मी कोट दोन दिवस गच्चीवर टाकला. वास गेला नाही, उलट सकाळी उठल्यावर माझ्या हातांनाही यायला लागला. खोपटहून परत आलो तर कोटाच्या खालच्या काठाला पांढरी रेघ उमटली होती. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ होतं.

मग माझी बोटं बिघडली. हसू नका. कोथिंबिरीची जुडी घेताना माझी तीन बोटं भाजीवाल्या मारुतीच्या मनगटावर जाऊन बसली आणि हलेनात. “काय झालं काका?” तो म्हणाला. मला कळत होतं, की हा माणूस रात्री नीट झोपत नाही आणि सकाळपासून उपाशी आहे. मला साधा ताप मोजता येत नाही हो! मी हात मागे घेतला आणि जुडी तिथंच विसरून घरी आलो.

आणि एका दुपारी तो आवाज आला. घरात मी एकटाच, पंखा चालू, बाहेर कुणीतरी कुकर लावलेला. कोट दाराच्या मागे खुंटीवर होता. तिथून कुणीतरी अगदी हळू, दमलेल्या आवाजात विचारलं...

“कुठंय ती?”

थोड्या वेळाने पुन्हा... “ती... कुठंय?”

घरात ‘ती’ कुणी नव्हती. माझी बायको जाऊन काही वर्षं झाली. दुसरी ‘ती’ म्हणजे माझी मुलगी श्रिया. ती घोडबंदर रोडच्या एका उंच टॉवरमध्ये राहते, आणि तिला तेव्हा आठवा महिना लागला होता. मी तिला फोन लावला.

“अरे बाबा, तू किती टेन्शन घेतोस!” ती म्हणाली. माझी लेक मला लहानपणापासून अरे-तुरे करते. आईला अहो आणि बापाला अरे, असा आमच्या घरचा उलटा कारभार. “मी ठीक आहे. डोकं ठणकतंय जरा, एसीमुळे असेल. आणि चपला घट्ट व्हायला लागल्यात, ऋतुराजच्या स्लीपर घालून फिरतेय. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहेच. तू जेवलास का?”

तिची आई असती तर त्या चपलांवरून तिने काय ते ओळखलं असतं. मी पुरुषासारखा ‘पाणी पी भरपूर’ म्हणालो आणि फोन ठेवला. कोट मात्र परत करायचं ठरवलं.

मंदाकिनीबाईंनी कोट हातात घेतला, नाकाशी नेला आणि खाली बसल्या. “या वासाबद्दल मी आजेसासूबाईंच्या तोंडून फक्त ऐकलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ‘येतो’ म्हणालात ना?”

मी मान हलवली.

“आणि लोक ‘या’ म्हणाले.”

मग त्यांनी कारण सांगितलं. मिठाच्या सत्याग्रहाचं साल. डॉक्टर तेव्हा गावाचे पुढारी झाले होते, पण सकाळचा दवाखाना त्यांनी सोडला नव्हता. मिठागरावर काम करणारी आवडाबाई म्हणून एक गरोदर बाई आली होती. पायांना मिठाचा चिखल, तशीच आलेली. डॉक्टरांनी तिची नाडी धरली. पायावर अंगठा दाबला, तर पीठ मळताना पडावा तसा खळगा पडला आणि भरूनच येईना. त्यांनी तिला एक प्रश्न विचारला. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. डॉक्टर, सभा जमलीय, लोक खोळंबलेत. डॉक्टर उठले. “बस हं बाई... येतो,” म्हणाले. ती म्हणाली, “या.”

“सभेतच पोलिसांनी त्यांना पकडलं,” बाई म्हणाल्या. “मीठ उचलायला निघाले होते आणि मिठागरातलीच बाई मागे बसवून ठेवली होती. ती दिवे लागेपर्यंत खाली दवाखान्यातल्या बाकावर वाट पाहत राहिली. मग घरी गेली. त्याच रात्री झटके आले, आणि ती आणि मूल, दोघंही गेली. डॉक्टरांना ते तुरुंगात कळलं. सुटून आले ते पुन्हा कधी कुणाला ‘येतो’ म्हणाले नाहीत.”

“प्रश्न कोणता विचारला होता?”

“ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शेवटच्या आजारात मात्र सारखे म्हणायचे, तिचं उत्तर ऐकायचं राहिलं.”

मला काय वाटलं सांगू? उगीच शूरपणाचा आव आणत नाही, मी घाबरलो. एक गरोदर बाई गेली, दुसरी माझी स्वतःची लेक आहे, आणि कुणीतरी ‘ती कुठंय’ म्हणून विचारतंय. मी म्हटलं, प्रयोग बंद. पण पुढच्या रविवारी डॉक्टरांची जयंती होती. प्रयोग खालच्याच खोलीत, दुपारी चारला ठरला होता, आमंत्रणं गेली होती. बाई म्हणाल्या, “या एका दिवसापुरतं करा. आणि ‘जातो’ म्हणून त्यांना निरोप द्या. तुम्हीच बोलावलंय, तुम्हीच पोचवा.”

मला ते पटलं. फक्त श्रिया तिथं येता कामा नये, एवढीच एक गोष्ट मी मनाशी पक्की केली. तिला फोन करून सांगितलं, ऊन आहे, गर्दी आहे, खुर्च्या लोखंडी आहेत. ती बरं म्हणाली. माझीच मुलगी ती. मीही बाईंना असंच ‘बरं’ म्हटलं होतं.

रविवारी खोली भरली. मी कोट घालून सुरुवात केली आणि पहिल्या दहा वाक्यांतच दारातून माझा जावई ऋतुराज आत आला आणि त्याच्या हाताला धरून श्रिया. चेहरा सुजलेला, हातात पाण्याची बाटली, मला बघून हसतेय. तिला पहिल्या रांगेत बसवलं, भिंतीलगतच्या जुन्या बाकावर. आवडाबाई ज्याच्यावर बसली होती, तोच तो बाक.

पुढचा तास मी कसा बोललो, मला ठाऊक नाही. वाक्यं पाठ होती म्हणून निघत गेली. पण माझ्या मागे, पार्टिशनच्या आत, पाणी पडत होतं. कुणीतरी सावकाश हात धूत होतं. साबण फिरतोय, पाणी पडतंय, पुन्हा साबण... आत बेसिन नव्हतं. नळ कधीच काढून टाकलेला. लोकांना वाटलं, प्रयोगातलाच आवाज आहे. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणालेसुद्धा, “इफेक्ट छान आहे.”

शेवट आला. मी दारापाशी गेलो, वळलो, हात जोडले. लोक ‘या’ म्हणायला तोंड उघडून तयार. मी श्रियाकडे बघितलंसुद्धा नाही. घसा साफ केला आणि म्हटलं, “बराय मंडळी... जातो.”

खोली गप्प झाली. पाण्याचा आवाजही थांबला. मला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो. आणि पार्टिशनच्या मागून, अगदी माझ्याच आवाजात, शांतपणे कुणीतरी म्हणालं...

“येतो.”

“या!” सगळी खोली आनंदाने ओरडली.

पंखे थांबले. कार्बोलिकचा वास असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि कोट जड झाला. कसं सांगू... माझ्या बाह्यांत आधीच माझे हात होते, त्यांत आणखी दोन हात शिरले. मला ओरडायचं होतं, पळायचं होतं. पाय मात्र पुढे चालायला लागले, सरळ त्या बाकाकडे. मी मनात गयावया करत होतो, नको हो, तिला नको, माझं काहीही घ्या. माझा हात पुढे झाला. तीन बोटं माझ्या लेकीच्या मनगटावर बसली.

“बाबा, काय करतोयस?” ती हसत म्हणाली. लोकही हसले. मी खाली वाकलो. तिच्या पायावर, नडगीपाशी, अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा पडला. भरून येईना. हसणं हळूहळू थांबलं.

माझ्या तोंडून शब्द आले. आवाज माझा नव्हता. म्हातारा, समजूतदार, आणि इतका घाईला आलेला...

“पोरी, डोळ्यांपुढं काजवे चमकतात का गं?”

श्रियाचं हसू मावळलं. “हो,” ती म्हणाली. “सकाळपासून. तुला कसं कळलं?”

माझ्या छातीतून एक श्वास सुटला. तो माझा नव्हता. फार वर्षं कुणीतरी कोंडून ठेवलेला होता. “चला,” तो आवाज म्हणाला. “आत्ता. हिला बसवून ठेवू नका.” आणि कोट हलका झाला. मी तिथंच मटकन खाली बसलो. पंखे सुरू झाले.

ऋतुराज हुशार मुलगा. “गाडी काढू?” असं म्हणाला खरा, पण रविवार संध्याकाळच्या नौपाड्यात गाडी काढायची म्हणजे उजाडलं असतं. त्यानं धावत जाऊन रिक्षा आणली. दोन गल्ल्या सोडून मोठं हॉस्पिटल होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला आणि एकदम सगळी धावपळ सुरू झाली. तासाभरात श्रिया ऑपरेशनच्या खोलीत होती. मी बाहेर बाकावर. कोट काढून पिशवीत कोंबला होता आणि पिशवी दोन्ही पायांत घट्ट धरली होती. जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाक मारून झाली, मग बायकोला मारली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

“मुलगी आहे,” त्या म्हणाल्या. “लहान आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवू. पण रडली छान. आई सुखरूप. अजून थोडा उशीर झाला असता, तर झटके सुरू झाले असते. काजव्यांचं कुणी विचारलं हिला?”

“बाबांनी,” ऋतुराज म्हणाला.

“आपण डॉक्टर का?”

“नाही हो,” मी म्हटलं. “बँकेत होतो.” आणि मी रडायला लागलो. चारचौघांत, नाक पुसत, लहान मुलासारखा. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

कोट मी दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंकडे नेला. त्यांनी वास घेतला. डांबराच्या गोळ्या, बाकी काही नाही. काठाची रेघही गेली होती. “मिळालं म्हणायचं उत्तर,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कधी नव्हे ते मला जिलबी खायला घातली. हा माणूस घ्यायला आलाच नव्हता हो. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला आला होता, आणि मी वेडा त्याला हाकलत होतो. आता मी प्रयोगात ‘जातो’ म्हणतो. टाळी थोडी कमी पडते, पण पडते.

इथंच गोष्ट संपायला हवी. परवापर्यंत मलाही वाटत होतं, संपली.

परवा मी श्रियाकडे गेलो होतो. दुपारची वेळ, बाविसावा मजला, खिडक्या बंद. ती बाळाला मोजे घालत होती. घालता घालता सहज म्हणाली, “बाबा, त्या रात्री हॉस्पिटलमध्ये तू सारखा येऊन माझा हात बघत होतास. तो काळा कोट तरी काढायचास.”

त्या रात्री आत कुणालाही सोडत नव्हते. मी बाहेर होतो, आणि कोट माझ्या पायांतल्या पिशवीत.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, बराच वेळ बसलास. हात किती गार होते तुझे! उठलास आणि म्हणालास, ‘जातो.’ मी इतकी चिडले ना! हॉस्पिटलमध्ये असं म्हणतं का कोणी? म्हटलं, ‘येतो’ म्हणायचं.”

“मग... म्हणाला?”

“आधी नुसता बघत राहिलास माझ्याकडे. मग हसलास. म्हणालास, बरं पोरी... येतो.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? म्हटलं, ‘या.’”

मोजा तिच्या हातात तसाच राहिला. बाळ माझ्या खांद्याच्या मागे, बंद दाराकडे बघून हसत होतं.

“‘या’?” श्रिया स्वतःशीच पुटपुटली. “बाबा... तुला मी ‘या’ कशाला म्हणेन?”